कर्ता कोण?

नाशिक, २० ऑक्टोबर २०२३

प्रिय,

तुझा रात्री पावणेदोनचा मेसेज सकाळी वाचला. सात तारखेच्या हमासच्या इस्रायलवरच्या हल्ल्यानंतरची एक क्लिप तुमच्या डेस्कवर आली, कुठल्याशा गल्लीत मिठाई वाटणारी पोरं. मथळा वरून ठरून आला, ‘मुस्लीम जगतात जल्लोष’. तू तो लावलास आणि मग तुला झोप लागली नाही. आता विचारतेस, सर, नोकरी सोडू का?

सोडू नकोस. त्याच्या आधीचा प्रश्न तू विचारलेलाच नाहीस. त्या मथळ्यात कर्ता कोण आहे? जल्लोष कोणी केला, किती जणांनी, कोणत्या गावात? शाळेत शिकलेलं व्याकरण आहे हे. तू हुशार आहेस म्हणून चिडून लिहितोय.

११ सप्टेंबर २००१ ला मी रात्रपाळीला होतो. पहिलं विमान आदळलं तेव्हा आपल्याकडे सव्वासहा वाजले होते. आठच्या आत दोन्ही मनोरे खाली आले. बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीचं पान सोडायची घाई, एजन्सीच्या बातम्या दर मिनिटाला बदलताहेत, आणि अशात पूर्व जेरुसलेमची दृश्यं आली. चष्मा घातलेली एक बाई, नाचणारी मुलं, मिठाई. टीव्हीवर ती इतक्या वेळा फिरली की अख्खा देश रस्त्यावर उतरलाय असं वाटावं. मी फोटो तीन कॉलम लावला आणि ओळ दिली, ‘अमेरिकेवरील हल्ल्यानंतर पॅलेस्टिनींचा जल्लोष’. फोटोतली माणसं हाताच्या बोटांवर मोजता आली असती. मी मोजली नाहीत. वेस्ट बँक आणि गाझात तेव्हा तीसेक लाख माणसं राहत होती आणि त्या सगळ्यांना मी एका ओळीत नाचायला लावलं. विमानं पळवणाऱ्या १९ जणांत पुढे १५ सौदी निघाले, दोन अमिरातींचे, एक इजिप्तचा, एक लेबनॉनचा. पॅलेस्टिनी एकही नव्हता. पण वाचकाच्या डोक्यात तो हल्ला आणि ती बाई एकत्र बसली ती बसलीच.

दुसरी चूक सांगताना अजून जड जातं. पुढच्याच आठवड्यात एक ईमेल फिरत आला. ती दृश्यं १९९१ ची आहेत, सीएनएनने जुनी फिल्म दाखवली, असं त्यात होतं. मला हायसं वाटलं. माझ्या मनाला टोचत होतं ते एका फटक्यात पुसलं गेलं. मी रविवारच्या स्फुटात ते छापून टाकलं. ते साफ खोटं होतं. दृश्यं त्याच दिवशीची होती, रॉयटर्स वृत्तसंस्थेच्या माणसांनी घेतलेली. शिवाय वेस्ट बँकमधल्या नाब्लुसमध्ये लोक कितीतरी जास्त होते, आणि तिथलं चित्रण दाखवू नये म्हणून पॅलेस्टिनी प्राधिकरणाने, म्हणजे तिथल्या स्वशासनाने, एपी वृत्तसंस्थेच्या कॅमेरामनला दम भरला होता. त्याच प्राधिकरणाचे प्रमुख अराफत यांनी हल्ल्याचा निषेध केला आणि दुसऱ्या दिवशी गाझात रक्त दिलं. हे सगळं खरं आहे. सगळं छापता येतं. प्रत्येक वाक्याला त्याचा त्याचा कर्ता दिला की एकही गोष्ट लपवावी लागत नाही.

म्हणून तुला सांगतो, ‘बिचारे पॅलेस्टिनी’ असाही मथळा मला नको. तोही तसलाच, सगळ्यांना एका पोत्यात भरणारा. सात तारखेला माणसं कापली, घरांतून ओढून नेली, ती हमासच्या हत्यारबंद लोकांनी. तिथे ‘हमास’ लिही, ठळक लिही, शब्द मऊ करू नकोस. आणि गाझात बाँब पडले की कोणाच्या विमानांनी टाकले तेही लिही. आपण लिहितो ‘गाझात इतके मृत्युमुखी पडले’. बघ, तिथे मेलेलाच कर्ता होतो.

याने काय फरक पडतो, असं तू विचारलंयस. गेल्या शनिवारी, १४ तारखेला, शिकागोजवळ सहा वर्षांच्या एका पॅलेस्टिनी-अमेरिकन मुलाला त्यांच्याच घरमालकाने सुरीने भोसकलं. सव्वीस वार. आईही जखमी आहे. हा माणूस रेडिओवर युद्धाच्या चर्चा ऐकत असे, असं सरकारी पक्षाने न्यायालयात मांडलंय. त्या मुलाने कुठे मिठाई वाटली होती? २००१ मध्येही हल्ल्याला चार दिवस होत नाहीत तोच ॲरिझोनात बलबीरसिंग सोढींना त्यांच्या पेट्रोल पंपासमोर गोळी घातली. ते शीख होते. मारणाऱ्याने फक्त पगडी आणि दाढी बघितली.

आणि लांब कशाला जायचं? ८ सप्टेंबर २००६, मालेगाव, शब-ए-बारातचा शुक्रवार, बडा कब्रस्तानातले बाँबस्फोट. मेले ते मुसलमान आणि धरले तेही मुसलमान. न्यायालयाने त्यांना २०१६ साली दोषमुक्त केलं. त्यांना धरलं तेव्हा आमच्या पहिल्या पानावर ‘आरोपी’ शब्दसुद्धा नव्हता. सुटले तेव्हाची बातमी आतल्या पानावर दहा ओळी. मी भांडलो, चौकट मागितली, मिळाली नाही.

मी भांडत राहिलो हे खरंच आहे. डेस्कवर मला हेकट म्हणत. वृत्तसंपादकपद दोनदा हुकलं. तू म्हणशील, सर, एवढं होतं तर तुम्ही का नाही सोडलीत? मुलांची शिक्षणं होती, घराचे हप्ते होते, हे आहेच. पण रात्री अकरा वाजता ‘पॅलेस्टिनींचा’ खोडून ‘जेरुसलेममधील एका जमावाचा’ लिहायला तिथे कोणीतरी बसलेलं असावं लागतं. २००१ च्या त्या रात्री तिथे मी बसलो होतो आणि मी खोडलं नाही. पुढची सतरा वर्षं ती एक ओळ माझ्यासोबत होती. तेव्हा तू निघून गेलीस तर तुझ्या खुर्चीत कोण बसेल, याचा विचार कर. कदाचित हे मी माझ्याच बचावासाठी लिहीत असेन. असू दे.

आता उठ. ती क्लिप पुन्हा उघड, आवाज बंद करून बघ. माणसं मोज. दुकानाच्या पाटीवर कुठलं गाव लिहिलंय ते कोणाकडून तरी वाचून घे. चित्रीकरण कधीचं, आधी कोणी टाकलं, ते शोध. हे सापडलं तर मथळा बदलून माग, लेखी माग. सापडलं नाही तर क्लिप उतरवायला सांग आणि खाली खुलासा दे, तुझ्या चुकीचा, सरळ शब्दांत. खुलाशाला कोणी वाचक नसतो असं तुला ऐकवतील. मला तेच ऐकवलं होतं, आणि माझा खुलासा अखेर छापून आला नाही.

नवा मथळा झाला की आधी मला पाठव. कितीही वाजले तरी चालेल, रात्रपाळीची सवय अजून मोडलेली नाही.

तुझा,
सर