ओवीची अक्षरं मोजताना

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझी वही पोचली. प्रत्येक ओवीच्या समासात पेन्सिलीने सहा, सहा, सहा, चार असे आकडे घातले आहेस आणि अक्षर वाढलं तिथे शब्द कापलास. ते शब्द परत घाल. बहुतेक ठिकाणी तेच चांगले होते. ही चरणांतल्या अक्षरांची मोजणी ‘मोठा अभंग’ या छंदाची. अभंग ओवीतूनच घडला असं अभ्यासक मानतात, पण लेकीचा नियम आईला कशाला लावायचा?

‘ओवी’ आली ‘ओवणे’पासून, असं आपण शिकतो आणि डोळ्यांपुढे दोरा येतो. जुन्या नोंदींत मात्र आधी काम दिसतं. चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त (सुमारे ११२९) महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे. कांडताना हं, दळताना नव्हे! जात्याच्या नादात आपण मुसळ विसरूनच गेलो. पुढच्या शतकात देवगिरीला शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त ओवीचं लक्षण दिलं: देशी भाषेतले, प्रासाने बांधलेले तीन खंड आणि शेवटी चक्क ‘ओवी’ हाच शब्द.

मग १२९०ची ज्ञानेश्वरी. पहिलीच ओवी घे:

ॐ नमो जी आद्या । वेद प्रतिपाद्या ।
जय जय स्वसंवेद्या । आत्मरूपा ॥

मोज. सहा, सहा, आठ, चार. तुझ्या पेन्सिलीने इथला एक ‘जय’ नक्की उडवला असता. बांधणी आहे ती आद्या-प्रतिपाद्या-स्वसंवेद्या या यमकाची, आणि चौथा चरण आखूड, यमक सोडलेला. तिथे श्वास घेतला की पुढची ओवी सुरू.

‘पहिली माझी ओवी गं’ म्हणत पुढे जाणाऱ्या ओव्यांचा हिशोब आणखी निराळा. त्यातले ‘गं’, ‘बाई’, ‘माझ्या’ कागदावर फुकटचे वाटतात. पण जात्याचा खुंटा धरलेला हात फिरतच असतो, आणि त्याच्या फेऱ्याला पुरायला तेच लागतात. नाव एकच, एक ओवी ग्रंथातली, दुसरी गळ्यातली. तू ग्रंथातली लिहायला बसतोस आणि बऱ्याचदा गळ्यातली उतरते. मला त्याच जास्त आवडल्या.

बाराव्या पानावरची आजीची ओवी आकडे खोडून मोठ्याने म्हण आणि रेकॉर्ड करून पाठव. तिथे ‘बाई’ कापलास ना, तो घालून.

तुझा,
काका