तुरुंग इतके खचाखच का भरलेले असतात? नवे तुरुंग बांधले तर प्रश्न सुटेल का?

तुम्ही विचारलंय की आर्थर रोडसारख्या तुरुंगात एवढी माणसं का कोंबलेली असतात आणि सरकार नवे तुरुंग का बांधत नाही. माझं मत स्पष्ट आहे: बाहेर पडण्याची वाट मोकळी केली नाही तर नवे बांधलेले तुरुंगही भरतील. मी विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर वकील आहे, म्हणजे ज्यांना वकील परवडत नाही त्यांची कामं बघते. त्यामुळे खालचं बरंचसं रोजच्या कामातलं आहे.

आधी आकडे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या सगळ्या तुरुंगांची क्षमता ४,३६,२६६ आहे आणि कैदी ५,७३,२२०. त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांच्यावरचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही असे. निकालाची वाट बघणाऱ्यांनीच देशातली जवळजवळ प्रत्येक जागा व्यापली आहे. शिक्षा झालेले त्यांच्या वर. आर्थर रोडची मूळ मंजूर क्षमता ८०४ आणि आत वर्षानुवर्षं त्याच्या तिप्पट-चौपट माणसं. आदर्श कारागृह नियमावली झोपायला माणशी ३.७१ चौरस मीटर जागा सांगते, म्हणजे साधारण चाळीस चौरस फूट. प्रत्यक्षात रात्री एकाने कूस बदलली की शेजाऱ्यालाही बदलावी लागते. नवा आलेला असेल तर त्याच्या वाट्याला संडासाजवळची जागा.

यातल्या गंभीर गुन्ह्यांतल्या लोकांबद्दल मी बोलत नाहीये. मला सगळ्यात जास्त छळतो तो दुसरा गट: कोर्टाने जामीन दिला आणि तरीही जो आतच आहे.

बांधकामावर काम करणारा बिहारचा एक मुलगा माझ्याकडे होता. मोबाइल चोरीची केस. जामीन झाला पंधरा हजारांचा, एका जामीनदारासह. आता जामीनदार म्हणजे काय, तर ज्याच्याकडे रेशन कार्ड आहे, पगाराची स्लिप किंवा घराची टॅक्स पावती आहे, बऱ्याच ठिकाणी तहसीलदाराचा ऐपतीचा दाखलाही आहे, आणि जो एक दिवसाची मजुरी बुडवून कोर्टात उभा राहायला तयार आहे. हा मुलगा साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत राहायचा. मुकादमाला फोन केला तर म्हणाला, “मॅडम, तो रोजंदारीवर होता, मी कशाला अडकू त्याच्यात?” भाऊ सुरतला, त्याच्याकडे स्वतःचाच पत्त्याचा पुरावा नाही. आई गावाला, तिला मुलगा आत आहे हेच खूप उशिरा कळलं. शेवटी जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरू द्या असा अर्ज केला, रक्कम कमी करून घेतली, भावाने उसनवारी करून पैसे पाठवले, तेव्हा तो सुटला. तोवर कामही गेलं होतं आणि खोलीही. कायद्याच्या नजरेत तो त्या सबंध काळात निर्दोष होता.

आणि हे काही नव्याने उघडकीला आलेलं नाही. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे मोतीराम नावाच्या गवंड्याचं प्रकरण आलं होतं. दंडाधिकाऱ्यांनी त्याच्याकडे दहा हजारांची हमी मागितली आणि सख्ख्या भावाची हमी नाकारली, का तर भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी ते धुडकावून लावलं आणि एक हजाराच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय त्याच्या स्वतःच्या लेखी हमीवर, त्याला सोडायला सांगितलं. त्यानंतर ३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने आणखी नेमकी पावलं आखून दिली. जामिनानंतर सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं, आणि स्थानिक जामीनदाराचाच हट्ट धरायचा नाही. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली, तेव्हा कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत. म्हणजे नियम आहेत, पैसाही आहे. अडतं ते यादी तयार करून कागद पुढे ढकलणाऱ्या माणसापाशी. ते काम कोणाच्या तरी गळ्यात नेमकं पडलं पाहिजे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम ४७९ मध्ये पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर सोडायची तरतूद आहे. चांगली आहे. पण एकाहून जास्त केसेस प्रलंबित असतील तर तिचा फायदा मिळत नाही, आणि भुरट्या चोरीत सापडलेल्या पोरावर बहुतेक वेळा दोन-तीन केसेस असतातच.

दुसरं कारण तारखांचं. कैद्याला कोर्टात आणायला पोलीस गार्ड लागतो. बंदोबस्त निघाला की गार्ड नाही, गार्ड नाही की आरोपी हजर नाही, की पुढची तारीख. व्हिडिओ कॉन्फरन्सवर हजेरी लागते, पण साक्षीपुरावा पुढे सरकतोच असं नाही.

मग काय होतं, तर माणूस कंटाळून गुन्हा कबूल करतो. “मॅडम, कबूल केलं तर आज सुटेन ना?” हा प्रश्न मला सतत ऐकावा लागतो. आधीच भोगलेली कैद हीच शिक्षा धरली जाते, तो संध्याकाळी बाहेर येतो. पण आता तो शिक्षा झालेला आरोपी आहे. पुढच्या वेळी वस्तीत चोरी झाली की पोलीस पहिल्यांदा त्यालाच उचलणार, आणि पहिल्यांदाच अडकल्याची सवलतही गेली. गर्दी अशीही वाढते.

पुनर्वसनाचं म्हणाल तर महाराष्ट्रात चांगली कामं झालेली आहेत. आटपाडीची स्वतंत्रपूर वसाहत १९३९ ची, औंध संस्थानातली. तिथे कैदी कुटुंबासह शेती करून राहतात. पैठणला खुलं कारागृह आहे, म्हणजे जिथे कैदी कोठडीत बंद न राहता मोकळेपणाने काम करतात. मे २०२२ मध्ये येरवड्यात ‘जिव्हाळा’ योजनेतून राज्य सहकारी बँकेने कैद्यांना ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज द्यायला सुरुवात केली, तेही सात टक्क्यांनी. पण खुलं कारागृह, संचित रजा (ठरावीक दिवस घरी जायची सुट्टी), माफीचे दिवस (चांगल्या वागणुकीबद्दल शिक्षेत मिळणारी सूट), हे कर्ज, सगळं शिक्षा झालेल्यांसाठी. कच्च्या कैद्याला सक्तीचं काम नाही, तसं हक्काचं प्रशिक्षणही नाही. चारातले तीन जण नुसते बसून असतात. दिवस मोजायचे म्हटले तरी कुठवर मोजायचे ते त्यांना माहीत नसतं. म्हणून टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’चं काम मला मोलाचं वाटतं. १९९० पासून त्यांचे समाजसेवक थेट कैद्यांशी बोलतात, घरच्यांचा पत्ता शोधतात, सुटल्यावर राहण्या-कमावण्याची सोय बघतात. प्रत्येक तुरुंगात असे चार-पाच पगारी समाजसेवक नेमले तर एका नव्या बराकीपेक्षा जास्त जागा मोकळी होईल, हे मी अनुभवावरून ठामपणे सांगते.

तुमच्या ओळखीतलं कोणी आत असेल आणि वकील नसेल तर एजंटला पैसे देऊ नका. कोठडीतल्या कोणत्याही माणसाला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो; १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ तसं सांगतं. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच प्राधिकरणाचं ऑफिस असतं, किंवा १५१०० वर फोन करा. जामीन होऊनही सुटका अडली असेल तर आदेशाची प्रत घेऊन जा आणि अटी सैल करण्याचा अर्ज आजच द्यायला सांगा.