मुंबई–न्यूयॉर्क : किलोमीटर तेवढेच, तास वेगळे

प्रश्न : मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर साडेबारा हजार कि.मी. दिसते. विमानाचा वेग ताशी 900 धरला तर चौदा तास होतात. मग तिकिटावर जाताना साडेपंधरा-सोळा आणि येताना साडेचौदा तास का? (वाचक, सातारा)

उत्तर : अंतर बरोबर आहे, पण ते पृथ्वीगोलावर दोरा ताणून मोजलेले. मुंबई 19.09 उत्तर, 72.87 पूर्व, न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ 40.64 उत्तर, 73.78 पश्चिम. दोघांमधला कोन 112.7 अंशांचा. अंशाला 111.2 कि.मी. धरले की 12,530 कि.मी. येतात. घरात पृथ्वीगोल असेल तर दोरा ताणूनच पाहा. तो पाकिस्तान, तुर्कमेनिस्तान, मॉस्कोचा परिसर, फिनलंड आणि आइसलँडवरून, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून जातो. सपाट नकाशा पाहून हे कधीच सुचणार नाही!

पण विमानाला या दोऱ्यावरून जाता येतेच असे नाही. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी 2022 मध्ये नागरी विमानांना बंद झाले, रशियाने त्याच वर्षी अमेरिकी कंपन्यांना मनाई केली, तर पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये भारतीय कंपन्यांना. अशा वळशांमुळे शेकडो किलोमीटर वाढतात.

खरा फरक पाडतो तो वारा. नऊ ते बारा कि.मी. उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहतात आणि हिवाळ्यात ते अधिक जोर धरतात. प्रत्यक्ष मार्ग 13,200 कि.मी. आणि वारा सरासरी ताशी 60 कि.मी. धरून पाहा : जाताना वेग 840 होतो आणि पावणेसोळा तास लागतात, येताना 960 होतो आणि पावणेचौदा तास पुरतात. वाऱ्याचे हे बळ एवढे, की एअर इंडियाने 2016 मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले. अंतर वाढले, तरी वेळ वाचला.

शिवाय तिकिटावरची वेळ ही विमान जागेवरून हलल्यापासून उतरून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतची रांग आणि उतरण्याआधीच्या घिरट्या त्यातच धरलेल्या असतात.

प्रश्न : तिकिटावर फक्त दोन्हीकडच्या स्थानिक वेळा आहेत. प्रवासाचे तास कसे काढायचे? (वाचक, नाशिक)

उत्तर : आधी उतरण्याची वेळ भारतीय वेळेत बदला, मग वजाबाकी करा. न्यूयॉर्क आपल्या मागे आहे : मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेनऊ तास, एरवी साडेदहा. समजा, जुलैत मुंबईहून रात्री 1:30 ला निघून त्याच तारखेला सकाळी 7:30 ला उतरलात. 7:30 मध्ये साडेनऊ मिळवले की संध्याकाळचे 5 होतात, म्हणजे साडेपंधरा तास. जानेवारीत याच वेळा असतील तर साडेसोळा. परतीला न्यूयॉर्कची सुटण्याची वेळ अशीच बदलून घ्या. एक तासाची चूक होते ती बहुतेक या मार्च-नोव्हेंबरमुळेच, आणि पुढचे विमान पकडायचे असेल तर ती महागात पडते.

सुटण्याची वेळ मध्यरात्रीनंतरची असेल तर तारीख नीट वाचा. तिकिटावर 15 तारीख, 00:40 असेल तर विमानतळावर 14 च्या रात्री साडेनऊपर्यंत पोहोचायचे. 15 च्या रात्री गेलात तर विमान कधीच निघून गेलेले असेल.