घोटाळ्याची बातमी वाचायला शिकताना

गावच्या जेटीच्या कामात पैसे खाल्ल्याची पोस्ट वाचून तू अस्वस्थ झालीस, हे फार चांगलं आहे. पण सुरुवातीला एवढंच सांभाळ.

आधी बातमीत नेमका कोणता शब्द वापरलाय ते बघ. 'आरोप केला', 'गुन्हा दाखल', 'आरोपपत्र', 'दोषी ठरवले' या चार वेगळ्या पायऱ्या आहेत. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने लाच घेताना सापळ्यात पकडलं तरी निकाल कोर्टच देतं. नवी माणसं सर्वात जास्त इथेच चुकतात.

दुसरं, एकच मजकूर पाच ग्रुपवर आला म्हणजे पाच पुरावे नव्हेत. मूळ कुठून निघालं ते शोध. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा 26 ऑगस्ट 2024 ला कोसळला, ही घटना. तो का कोसळला, पैसे कोणी खाल्ले, हे वेगळे प्रश्न, आणि त्यांना वेगळे पुरावे लागतात.

आणि कागद माग! सरकारी कागद मागायला माहितीच्या अधिकाराचा 2005 चा कायदा आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक विषय, दीडशे शब्दांच्या आत अर्ज. उत्तराची मुदत साधारण 30 दिवस. 'भ्रष्टाचार झाला का?' असं विचारू नकोस, त्याला उत्तर मिळत नाही. कामाचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश (काम सुरू करायचा आदेश), मोजमाप पुस्तिका यांच्या प्रती माग. मोजमाप पुस्तिकेत ठेकेदाराने किती काम केल्याची नोंद आहे ते कळतं. ते जाग्यावर जाऊन ताडून बघता येतं.

आपल्या पक्षाच्या माणसावरची बातमी असेल तेव्हाही हेच सगळं कर. उत्तर नाही मिळालं तर करायच्या अपिलाचं नंतर बघू, आधी पहिला अर्ज टाक.