बालगृहांना रिझल्ट बघून पैसे दिले तर?

तुम्ही विचारलंय की बालगृहांना मुलामागे अनुदान देण्यापेक्षा रिझल्ट बघून, म्हणजे किती मुलं नीट घरी परतली ते बघून, पैसे दिले तर काय बिघडेल. मी सहा वर्षं एका बालगृहात सोशल वर्कर होते, म्हणून लिहितेय.

तुमची चीड कळते. परिपोषण अनुदान, म्हणजे मुलांच्या सांभाळाचे सरकारी पैसे, प्रवेशित मुलांच्या संख्येवर, म्हणजे धावपळ करून एखाद्या पोराला घरी पोचवलं की हजेरीपटावरचं नाव गेलं आणि त्याच्यासोबत पैसेही गेले. मुद्दाम कोणी अडवून ठेवायचं नाही, पण गृहचौकशीला, म्हणजे मुलाच्या घरची परिस्थिती बघायला, जायचं एसटीचं भाडं खर्चाच्या कुठल्या हेडला टाकायचं यावरच आठ-आठ दिवस जायचे.

इंग्लंडमधे एसेक्स कौन्सिलने (तिथलं स्थानिक सरकार) 2012-13 च्या सुमारास तुम्ही म्हणताय तसलाच प्रयोग सुरू केला. गुंतवणूकदारांनी 31 लाख पौंड आधी घातले, त्यातून 11 ते 17 वयाच्या, आता घरातून काढावंच लागेल अशा मुलांच्या घरी थेरपिस्ट जायचे, तीन ते पाच महिने, आईबापांना धरूनच सगळं काम. आणि मग प्रत्येक मुलाचे 30 महिने मोजायचे, आधीच्या तशाच मुलांपेक्षा केअरमधले, म्हणजे घराबाहेर सरकारी देखभालीतले, दिवस किती वाचले त्यावर कौन्सिल गुंतवणूकदारांना पैसे देणार. मला त्यातले ते 30 महिनेच पटले.

कारण आपल्याकडे "घरी सोडलं" एवढंच मोजतील. आमचा एक अकरा वर्षांचा मुलगा मे महिन्यात घरी गेला, दिवाळीच्या आसपास स्टेशनवर सापडून परत आमच्याकडेच आला, फाइलला नवीन नंबर. रजिस्टरला एक पुनर्वसन आणि एक नवीन प्रवेश, दोन्ही रिपोर्ट एकदम चोख!

आणि दिवस वाचवणं म्हणजे नेहमी भलंच असंही नाही हो, काही मुलींना घरी पाठवणं हाच गुन्हा ठरला असता. शिवाय सोडायची ऑर्डर बालकल्याण समितीची (मुलाला कुठे ठेवायचं ते ठरवणारी सरकारी समिती), मग रिझल्ट संस्थेचा कसा? पगार चार महिने थकलेली संस्था रिझल्टच्या पैशांसाठी अडीच वर्षं थांबणार कशी, आणि तोवर अवघड पोरं घेणार कोण?

मला विचाराल तर पगार आणि प्रवासाचे पैसे ठरलेले द्या, वर थोडी रक्कम वर्षभरानंतरच्या भेटीवर ठेवा, आणि ती भेट संस्थेबाहेरच्या माणसाने घरी जाऊन घ्यावी. आम्ही फॉलोअप म्हणून फोन लावायचो, तो बहुतेक वेळा स्विच ऑफ असायचा आणि आम्ही "संपर्क केला" असं लिहून पान उलटायचो.