नाव नोंदवण्याआधी

सप्रेम नमस्कार,

तुझे पत्र मिळाले. नाव ठरत आले आहे, बोधचिन्ह काढून झाले आहे, आता व्यापारचिन्ह (ट्रेडमार्क) म्हणून नोंदणीचा अर्ज कसा भरायचा तेवढे सांगा, अशी तुझी विचारणा आहे. अर्जाविषयी पुढे लिहितोच. पण त्याचे यश बहुतांशी नाव निवडतानाच ठरून गेलेले असते, म्हणून आधी नावाकडे वळतो.

हा माल किंवा ही सेवा कोणाकडून आली हे ग्राहकाला ओळखू यावे, एवढेच व्यापारचिन्हाचे काम असते. कायदा या ओळखीचे रक्षण करतो, ते चिन्ह तयार करण्यामागच्या कल्पकतेचे नव्हे. त्यामुळे त्या व्यवसायातल्या प्रत्येकाला जे शब्द वापरावे लागतात, ते कोणा एकाच्या मालकीचे होऊ शकत नाहीत. ‘ताजे’, ‘जलद’ अशा वर्णनपर शब्दांचा मोह नव्या उद्योजकाला हमखास होतो, कारण ते ऐकताच वस्तूचा गुण कळतो. नेमक्या त्याच कारणाने नोंदणी कार्यालय ते नाकारते. दीर्घ वापराने अशा शब्दाला स्वतंत्र ओळख आली आहे हे पुराव्यानिशी दाखवता आले तर अपवाद होतो, पण तो पुरावा जमवण्यात वर्षे जातात आणि पैसाही. याउलट नव्याने घडवलेला शब्द सर्वांत भक्कम. जॉर्ज ईस्टमन यांनी १८८८ मध्ये नोंदवलेला ‘कोडॅक’ हा शब्द कशाचेच वर्णन करीत नाही. रोजच्या वापरातला शब्द त्याच्याशी संबंध नसलेल्या मालाला लावला तरी चालतो: संगणकासाठी ‘ॲपल’ हे सबळ चिन्ह आहे, सफरचंदांसाठी मात्र ते चिन्हच होऊ शकत नाही. तू कळवलेल्या दोन नावांपैकी पहिले वर्णनपर आहे. तुझे मन त्यावर बसले आहे हे दिसते, तरी ते सोडावे असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या नावाचा कसून शोध घे. हुबेहूब तेच नाव आढळले नाही, एवढ्यावर निर्धास्त होऊ नकोस. दिसायला, उच्चाराला किंवा अर्थाला जवळचे चिन्ह मिळत्याजुळत्या मालासाठी आधीच नोंदलेले असेल आणि ग्राहकाची गल्लत होण्याचा संभव असेल, तर अर्ज अडतो. नोंदणीविना वापरात असलेली चिन्हेही तपास, कारण काही देशांत आधी वापरणाऱ्याचा हक्क वरचढ ठरतो, तर काहींत आधी अर्ज करणाऱ्याचा.

अर्जात माल आणि सेवा यांची यादी द्यावी लागते. माल-सेवांच्या वर्गीकरणाविषयीच्या १९५७ च्या आंतरराष्ट्रीय नीस करारानुसार त्यांचे ४५ वर्ग आहेत. पहिले ३४ मालाचे, उरलेले ११ सेवांचे. ही यादी लोक घाईने उरकतात, पण माझ्या मते सबंध अर्जात सर्वाधिक विचार करण्याची जागा हीच. यादी तोकडी राहिली तर उद्या वाढणारा व्यवसाय संरक्षणाबाहेर पडतो. तीत सगळे काही कोंबले तर न वापरलेल्या मालापुरती नोंदणी रद्द करून घेण्याची संधी प्रतिस्पर्ध्याला मिळते, कारण अनेक कायद्यांत सलग ३ किंवा ५ वर्षे न वापरलेले चिन्ह रद्द होऊ शकते. पुढे तपासणी, प्रसिद्धी आणि हरकतींची मुदत असे टप्पे बहुतेक ठिकाणी असतात. नोंदणी सहसा १० वर्षांची असते आणि शुल्क भरून कितीही वेळा नूतनीकरण करता येते. पेटंटला ही सोय नाही. नोंदणी होईपर्यंत वर्तुळातला ‘आर’ (®, म्हणजे चिन्ह नोंदलेले असल्याची खूण) लावू नकोस, अनेक देशांत तो गुन्हा आहे.

हा हक्क त्या त्या देशापुरताच असतो. पहिल्या अर्जापासून ६ महिन्यांच्या आत १८८३ च्या पॅरिस कराराच्या अन्य सदस्य देशात अर्ज केल्यास तिथेही पहिल्या अर्जाच्या तारखेचे प्राधान्य मिळते. माद्रिद या आंतरराष्ट्रीय नोंदणी व्यवस्थेतून एकाच अर्जात अनेक देश निवडता येतात, तरी निर्णय प्रत्येक देश स्वतंत्रपणे घेतो, आणि पहिली ५ वर्षे ती आंतरराष्ट्रीय नोंदणी मूळ अर्जावर किंवा नोंदणीवरच विसंबून असते.

प्रमाणपत्र मिळाल्यावर बाजारावर नजर ठेवणे तुझ्याकडेच येते. नक्कल करणाऱ्याला कार्यालय आपणहून रोखत नाही. स्वतःच्या जाहिरातींतही चिन्ह वस्तूचे नाव म्हणून वापरू नकोस. ‘एस्केलेटर’ हे एकेकाळी एका कंपनीचे चिन्ह होते. लोक, आणि खुद्द ती कंपनीही, सरकत्या जिन्यालाच तो शब्द वापरू लागल्याने १९५० मध्ये अमेरिकेत ती नोंदणी रद्द झाली.

दुसऱ्या नावाच्या शोधाचा निकाल आणि माल-सेवांच्या यादीचा कच्चा मसुदा मला पाठव. तो पाहून होईपर्यंत शुल्क भरू नकोस.

तुझा हितचिंतक