देवगडला बिऱ्हाड हलवण्याआधी

चि. मित्रास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पुण्याचं घर सोडून देवगडला जायचं, मोठीला तिथल्याच शाळेत घालायची, धाकट्याची पहिली वर्षं समुद्राजवळ जावीत, तुझं काम घरून चालेल आणि मोठीची धाप तिथल्या हवेनं कमी होईल, असा तुम्हा दोघांचा बेत आहे. बेत मनापासूनचा आहे, म्हणून उत्तरही तसंच देतो. तुम्ही देवगड पाहिलंय ते डिसेंबरात आणि आंब्याच्या दिवसांत. त्यावर निर्णय घेऊ नका. जुलैत चौघांनी तिथं सलग तीन आठवडे राहा. हॉटेलात नको, भाड्याच्या घरात राहा, रोजचा स्वयंपाक करा आणि तू रोजचं काम कर. तोवर पुण्यातलं काही सोडू नका आणि तिथलं काही विकत घेऊ नका. ताज्या मासळीची आशा मात्र त्या मुक्कामात धरू नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते.

सगळ्यात आधी मोठीच्या धापेचं. पुण्यातला धूर आणि धूळ तिथं नसेल, हे खरंच. पण धाप फक्त धुरानं लागत नाही. कोकणात जून ते सप्टेंबर इतकी ओल असते की कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर, गादीच्या खालच्या अंगाला बुरशी धरते. डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे, म्हणजे डस्ट माइट, अशाच दमट गादी-उशांत वाढतात. ज्या मुलांना या दोन्हींची ॲलर्जी असते त्यांची धाप समुद्रकाठी पावसाळ्यात वाढू शकते. तेव्हा आधी पुण्यातच तिची ॲलर्जीची तपासणी करून घ्या आणि निकाल हातात आल्यावरच डॉक्टरांना विचारा, "चार महिने ओल असलेल्या घरात हिला ठेवू का?" नुसतं "समुद्राकाठी नेऊ का?" विचारलंत तर बहुतेक वेळा "न्या की" असंच उत्तर मिळेल.

जुलैत जाताना नेब्युलायझर, तिची नेहमीची औषधं आणि एक छोटा आर्द्रतामापक बरोबर घ्या. ज्या खोलीत ती झोपेल तिथली आर्द्रता सकाळ-रात्र वहीत लिहा आणि शेजारीच तिला खोकला किती झाला, रात्री उठली का, पफ किती लागले तेही लिहा. आर्द्रता ५०–६० टक्क्यांच्या वर गेली की माइट पोसतात, आणि उघड्या खिडक्यांच्या घरात ती जुलैत यापेक्षा कितीतरी वर असते. एक खोली बंद करून डीह्युमिडिफायर लावता येतो. पण तो तीन-चारशे वॅट खातो, म्हणजे वीज गेली की तोही गेला.

आता दवाखान्याचं अंतर. देवगडला ग्रामीण रुग्णालय आहे. उपजिल्हा रुग्णालय कणकवलीला, साधारण ५० किलोमीटरवर. जिल्हा रुग्णालय त्याहीपुढं ओरोसला. त्यापलीकडं गोव्यातलं बांबोळीचं मोठं रुग्णालय नाहीतर घाट चढून कोल्हापूर. आषाढात फोंडा घाटात किंवा करूळ घाटात दरड आली की वळसा पडतो, म्हणून गंभीर रुग्णाला त्या दिवसांत पुष्कळदा गोव्याकडंच नेतात. नकाशावरचे ५० किलोमीटर म्हणजे किती वेळ, हे मोजूनच बघायला हवं. जुलैतल्या एखाद्या पावसाळी रात्री, दहाच्या पुढं, मुलांना बायकोजवळ ठेवून तू स्वतः गाडी चालवत कणकवलीपर्यंत जाऊन ये आणि लागलेली मिनिटं लिहून ठेव. दिवसा चौकशी कर: रात्री बालरोगतज्ज्ञ हजर असतात की फोनवर? ऑक्सिजन आणि लहान मुलांचे मास्क आहेत का? १०८ ची गाडी कुठं उभी असते? हे विचारायला संकोच करू नकोस, तिथले लोक नीट सांगतात.

माझं मत स्पष्ट सांगतो. गेल्या वर्षभरात मोठीला धापेसाठी एकदा जरी रात्री दाखल करावं लागलं असेल, तर देवगड नको. कणकवली किंवा कुडाळ घ्या. तिथं रेल्वे आहे, महामार्ग आहे, डॉक्टर जवळ आहेत, आणि रविवारी समुद्र गाठता येतो. समुद्र दारातच हवा असेल तर मालवण आणि वेंगुर्लाही बघा. दोन्हीकडून कुडाळ स्टेशन ३० किलोमीटरच्या आत येतं.

अंगणात खेळणारी मुलं म्हटली की फुरसं हा विषारी साप आठवायला हवा. देवगडचा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं ते उघडं पठार, आणि आंब्याच्या बागांचे दगडी गडगे ही त्याची घरं. फुरसं जेमतेम हात-दीड हात लांब, दगडाच्या रंगात मिसळणारं. डिवचलं की वेटोळी एकमेकांवर घासून खर्रखर्र आवाज करतं. ते चावलं तर वर आवळपट्टी बांधायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. पाय किंवा हात फळीला बांधून हलू द्यायचा नाही आणि मुलाला चालू न देता उचलून दवाखान्यात न्यायचं. तिथं कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर विष रक्तात भिनलंय असं समजतात. मग सर्पविषावरची लस द्यायची, तीही सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या. मूल लहान म्हणून डोस लहान नसतो, कारण सापानं विष तेवढंच सोडलेलं असतं. म्हणून जवळच्या आरोग्य केंद्रात "लस आहे का?" असं मोघम न विचारता "आज किती कुप्या आहेत?" असं विचार. विंचवाचंही तसंच. कोकणातला तांबडा विंचू लहान मुलाच्या हृदयावर आघात करतो. त्यावर प्राझोसिन हे औषध उपयोगी पडतं, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलं. ते केंद्रात आहे का, तेही बघ. घरात मुलांचे बूट झटकून घालायची सवय आणि रात्री अंगणात बॅटरी, यानं निम्मी काळजी मिटते. भातलावणीच्या दिवसांत चिखलात अनवाणी खेळू देऊ नका. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा जंतू, त्याच पाण्यातून, पायावरच्या जखमेतून शिरतो.

घर बघताना दर्शनी भाग शेवटी बघ. आधी पश्चिमेच्या भिंतीकडं जा. पावसाळी वारा तिकडून येतो आणि पाणी आडवं मारतं. त्या भिंतीला पडवी किंवा रुंद वळचण नसेल तर आतल्या बाजूला हात लावून बघ. रंगाचे पापुद्रे सुटलेले आणि पांढरी पूड हाताला लागली, म्हणजे लोणा लागलाय. वरून रंग मारून तो जात नाही, दर पावसाला पुन्हा फुटतो. मुलांची खोली त्या भिंतीला लागून नको. कौलारू घर असेल तर मालकाला माकडांबद्दल विचार. कौलांवर उड्या मारून ती फोडतात आणि एका फुटक्या कौलातून अख्खी खोली भिजते. मेअखेर कौलं चाळून देणं मालकाकडं, असं करारात लिहून घे.

करारात आणखी एक गोष्ट हवी, आणि नवखी माणसं नेमकी हीच विसरतात. बऱ्याच घरांचे मालक मुंबईकर चाकरमानी असतात. मे महिन्यात आणि गणपतीला त्यांना घर किंवा निदान देवघराची खोली हवी असते. ते रास्तच आहे, पण किती दिवस, किती खोल्या आणि तेव्हा तुम्ही कुठं, हे आधी ठरलेलं बरं. लिव्ह अँड लायसन्सचा ११ महिन्यांचा करार नोंदवूनच कर. तोंडी बोलीवर राहू नकोस.

तुझ्या कामाचं सगळं विजेवर अवलंबून आहे, म्हणून हिशेब करून दाखवतो. लॅपटॉप ६० वॅट, राउटर १०, साधा पंखा ७५, दोन दिवे २०, मिळून १६५ वॅट. १५० अँपिअर-अवरची बारा व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. पण ती पूर्ण उतरवायची नसते आणि इन्व्हर्टरही थोडं खातो, त्यामुळं हाताला हजारच्या आसपास लागतात. म्हणजे सहा तास. पंखा कमी वीज खाणारा, बीएलडीसी घेतलास तर भार १२० वर येतो आणि आठ तास मिळतात. कामाचा एक दिवस निघाला. पण २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा सिंधुदुर्गात कितीतरी ठिकाणी वीज दिवसच्या दिवस नव्हती. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडं तर आठवडे गेले, मोबाइलचे टॉवरही बंद पडले. तेव्हा "वादळाचा इशारा आला की मी दोन-चार दिवस कोल्हापुरातून काम करीन" हे तुझ्या साहेबाकडून आधीच मान्य करून घे.

सोलर घेऊन हा प्रश्न सुटेल असं तुला कुणीतरी सांगितलेलं दिसतंय. अनुदानातून बसतात ती बहुतेक ऑनग्रिड यंत्रणा. तारेतली वीज गेली की ती स्वतःहून बंद होते, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसेल. छतावर तीन किलोवॅटचे पॅनेल आणि घरात अंधार, असं होतं ते यामुळं. अंधारात चालायला हवी असेल तर बॅटरीसह हायब्रिड यंत्रणा लागते आणि ती बरीच महाग पडते. भाड्याच्या घरात तो खर्च करू नकोस. इंटरनेटला फायबर घे, पण जोडीला दुसऱ्या कंपनीचं सिम ठेव आणि कोणत्या कंपनीची रेंज मिळते ते त्या घराच्या आत उभं राहून बघ, गच्चीवर नाही.

पाण्याची परीक्षा जुलैत होत नाही, तेव्हा विहिरी काठोकाठ भरलेल्या असतात. त्यासाठी एप्रिलअखेर पुन्हा एक फेरी मार. दोरीला दगड बांधून विहिरीत सोड आणि पाणी किती उरलंय ते ओल्या दोरीवरून मोज. खाडीजवळची विहीर किंवा बोअर उन्हाळ्यात मचूळ होते, कारण गोडं पाणी उपसलं जातं तसं खारं आत सरकतं. खिशात टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, ठेव. पिण्याच्या पाण्याची पसंतीची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. नळाला किती दिवसांआड पाणी येतं, टँकर लागतो का, हे घरमालकाला नको, शेजारणीला विचारा.

आता सूनबाईंचं. तुझ्या पत्रात त्यांच्या फिजिओथेरपीच्या कामावर एकच ओळ आहे, आणि ती तू लिहिलेली आहेस. तुझं काम लॅपटॉपमधून तुझ्याबरोबर येतं, त्यांचं येत नाही. त्यांनी जाण्याआधी कणकवलीतल्या आणि देवगडातल्या डॉक्टरांना भेटून आठवड्यातून किती दिवस काम मिळेल ते विचारावं. कणकवलीला जायचं तर येऊन-जाऊन १०० किलोमीटर होतात आणि तेवढा वेळ धाकट्याला कोण सांभाळणार, हा प्रश्न तू सोडवायचा आहेस. मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहा: इथं एक वर्ष राहीन की नाही, आणि कशाशिवाय नाही. मगच कागद बदला. त्यांचं उत्तर "नाही" आलं तर समजूत घालत बसू नकोस, तिथंच थांब.

शाळेची मला फारशी चिंता नाही. दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात वर असतो. जिल्हा परिषदेची शाळा बघताना इमारतीपेक्षा एका शिक्षकाकडं किती वर्ग आहेत ते बघ. पुढं सांगेलीच्या नवोदय विद्यालयाचा विचार असेल तर एक लक्षात ठेव. ग्रामीण राखीव जागांसाठी तिसरी ते पाचवी ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली लागते, आणि देवगड-जामसंडे नगरपंचायत आहे, म्हणजे तिथली शाळा ग्रामीण धरली जाईल का ते आधी विचार. खरी अडचण अकरावीनंतर येते, त्याला तुमच्याकडं दहा वर्षं आहेत.

जमीन पहिल्या वर्षी घेऊ नकोस, कितीही स्वस्त सांगितली तरी. शेतजमीन घ्यायला तू स्वतः शेतकरी खातेदार असावा लागतोस. सातबाऱ्यावर बहुधा सामाईक नावं असतात, त्यातली निम्मी मुंबईत आणि काही हयात नसलेली. समुद्राला लागून असेल तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे निर्बंध, आहेतच.

सामान हलवायचं ते दिवाळीनंतर किंवा एप्रिलमध्ये. मेअखेर ट्रक भरलात आणि पाऊस लवकर आला तर गाद्या भिजूनच घरात येतील, आणि मग सप्टेंबरपर्यंत सुकणार नाहीत. पुण्याचा फ्लॅट विकू नका. तोही ११ महिन्यांच्याच कराराने द्या, म्हणजे दोन्ही मुदती एकदम संपतील. परतीच्या ट्रकचे, डिपॉझिटचे आणि सहा महिन्यांच्या घरखर्चाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा.

ॲलर्जीचा अहवाल आला की कळव. घर पसंत पडलं तर कराराचा मसुदा सही करण्याआधी माझ्याकडं पाठव, वाचून देईन. सूनबाईंना सांग, त्यांना काही विचारायचं असेल तर त्यांनी वेगळं पत्र लिहावं.

मुलांना आशीर्वाद.